रंगखात्याचं कुलूप

दौंड,
८ नोव्हेंबर २००६

प्रिय भागू,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरली असशील. घरात सगळे ठणठणीत आहेत, तेव्हा आधी पाणी पी आणि मग निवांत वाच. फोन असताना आई पत्र कशाला लिहिते, असं वाटेल. पण फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का’ आणि ‘पाऊस आहे का’ यांच्यापुढं कधी सरकत नाही, आणि सरकलोच तर तू ‘ठेवते गं’ म्हणतेस. लग्नाआधी रेल्वे कॉलनीतल्या आमच्या चाळीत सातवी शिकलेली मी एकटीच होते. गँगमनच्या बायका माहेरची पत्रं माझ्याकडून लिहून घ्यायच्या. कुणाची सासू छळते, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा भाऊ दिवाळीला न्यायला आला नाही, सगळं मी लिहिलं. दुसऱ्यांचं लिहिताना हात कधी अडला नाही. स्वतःच्या लेकीला लिहायला बसले, तर तीन दिवस ‘प्रिय’च्या पुढं जाता येईना.

आधी बातमी सांगते. येत्या २६ तारखेला, रविवारी, आपल्या कारखान्याला वीस वर्षं होतात. महेंद्रनं मांडव सांगितलाय, फाटकाला निळा रंग दिलाय, आणि मला म्हणाला, “आई, तू पहिल्या दिवसापासून होतीस. कारखान्याचा इतिहास दोन पानांत लिहून दे, पत्रक छापायचंय. स्थापना, यंत्रसामग्री, उत्पादन, असं मुद्देसूद लिही.” मी वही घेऊन बसले. स्थापना लिहिली, यंत्रसामग्री लिहिली, आणि लक्षात आलं, की जे लिहायला पाहिजे ते पत्रकात छापता येणार नाही, आणि जिनं ते वाचायला पाहिजे ती सुरतेला बसलीय. वही बाजूला सारली आणि हे कागद घेतले. यातलं निम्मं तुला माहीत आहे. तरी वाच. माहीत असलेलंसुद्धा माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस.

मुंबईचा संप झाला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि महेंद्र दोनचा. तुझे बाबा गिरणीत लूम दुरुस्त करायचे. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचे. संप लांबला, त्यांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही, आणि आपण चौघं दोन ट्रंका घेऊन माझ्या वडिलांच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिलो. चार वर्षं बाबांनी दौंडच्या मालधक्क्यावर पोती उचलली. जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर एका लयीत वाजायची. मला वाटायचं, काळजी करतात. एकदा विचारलं, तर म्हणाले, “काळजी न्हाई गं. लूम चालवतोय.” मग एक दिवस भिवंडीहून निरोप आला, की तिथल्या एकानं चार जुने लूम भंगारात काढलेत. बाबा गेले आणि मोडके, गंजके चार लूम ट्रकमध्ये घालून घेऊन आले. जागा होती ती वतनातली, भीमेच्या काठची सव्वा एकर. नुसता खडक आणि बाभळी. तिथं काही उगवत नव्हतं, म्हणून तर ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडं राहिली. माझे वडील म्हणाले, “मच्छिंद्र, दगडावर काय पेरणार?” तर हे म्हणाले, “जिथं जवारी येत न्हाई, तिथं कापड येतंय का बघू.”

पत्र्याची शेड आम्ही दोघांनीच उभी केली असं म्हटलं तरी चालेल. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा ‘भीमाकाठ यंत्रमाग कारखाना’ असं नाव बाबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. तलाठ्यानं विचारलं, “हे नाव नदीवरनं ठेवलं, का बाबासाहेबांवरनं?” हे म्हणाले, “दोन्हीवरनं. दोघांच्या काठावरच आमचं चाललंय.”

पहिल्या गठ्ठ्याची गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. तू तेव्हा दहा वर्षांची, शाळेतून आली की माझ्या शेजारी बसून, लूमवर आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचीस. तेव्हा सांगून तुझा जीव कशाला लहान करायचा, म्हणून गप्प बसले. आपण पहिले शंभर पंचे विणले आणि बाबा ते घेऊन बाजारातल्या एका मोठ्या दुकानात गेले. मी बरोबर होते. दुकानदारानं गठ्ठ्याला हात लावला नाही. “तिथंच ठेवा, पायरीवर. बघू,” म्हणाला. आत का घेत नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हाला ते सांगावं लागलंही नाही. दोन तास आम्ही उन्हात उभे. मग बाबांनी गठ्ठा सोडला, एक पंचा काढला, त्याचं एक टोक समोरच्या हमालाच्या हातात दिलं आणि म्हणाले, “ओढ गड्या, जोर लावून ओढ.” दुसरं टोक स्वतः धरलं. पंचा फाटेना. दुसरा हमाल आला, तिसरा आला. रस्त्यावर ही माणसं जमली, हसायला लागली. पाटसचा एक शेतकरी म्हणाला, “ह्या पंच्यात बैल बांधला तरी चालंल,” आणि त्यानं चार घेतले. अंधार पडायच्या आत पायरी रिकामी झाली. दुकानाच्या आत जायची गरजच पडली नाही. पुढच्या आठवड्यात तोच दुकानदार स्वतः कारखान्यावर आला. बाबांनी त्याला स्टूल दिलं. मी चहा दिला. त्यानं तो प्यायला. भागू, आपल्या कारखान्याची स्थापना मी त्या दिवशी धरते. महेंद्रच्या पत्रकात तारीख वेगळी आहे.

पुढची दहा वर्षं तू पाहिलीसच. चाराचे नऊ लूम झाले. वीज गेली की बाबा शिट्टी वाजवायचे आणि सगळे नदीवर जाऊन हातपाय धुऊन यायचे. तू रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालीस, वर रंगाईचा कोर्स केलास आणि घरी येऊन म्हणालीस, “पांढरे पंचे विकून आपण आहे तिथंच राहू. मला नदीकडची मोकळी जागा द्या.” बाबांनी त्याच दिवशी बाभळी तोडायला माणूस लावला. तीन हौद, एक बॉयलर, वाळत घालायला तारा, रंगाचं पाणी सोडायला एक खड्डा, एवढं तुझं रंगखातं. पहिली लाल चादर निघाली तेव्हा तुझे हात कोपरापर्यंत लाल होते. ती चादर वाळल्यावर बाबांनी खांद्यावर टाकली आणि भर मे महिन्यात बाजारभर फिरून आले. कुणी विचारलं, “काय मच्छिंद्रराव, थंडी वाजती का?” तर म्हणायचे, “पोरीनं रंगवलीय.” तुला वाटायचं, बाबा कौतुक करत नाहीत. तोंडावर करत नव्हते, एवढंच. शिक्रापूरला खोल्या घेऊन राहणारी बिहारकडची, यूपीकडची पोरं दुकानात ‘वो लाल वाली चद्दर’ म्हणून आपली चादर मागायची. तीन वर्षांत नऊ माणसांची सव्वीस झाली. ते सगळं तुझ्यामुळं. हे मी पत्रकातही लिहिणार आहे, महेंद्र काही म्हणो.

आणि मग दोन हजार सालचा तो मे महिना. नदी आटून डोह-डोह उरले होते. तू सकाळी कामावर आलीस, तर रंगखात्याच्या दाराला कुलूप आणि दारात बाबा उभे. सव्वीस माणसं बघत होती. तू विचारलंस, “हे कुणाला विचारून?” ते म्हणाले, “रंगाचं पाणी नदीत उतरतंय.” तू म्हणालीस, “खड्डा पाझरतोय, मला माहीत आहे. पाणी निवळायच्या टाक्यांचा नकाशा काढलाय मी. दोन महिने द्या.” ते म्हणाले, “टाक्या होईस्तवर एक थेंब न्हाई.” तेव्हा तू म्हणालीस, “मग खातं माझं आहे असं कशाला म्हणालात?” तू हातातला डबा आपटला नाहीस. हळूच जमिनीवर ठेवलास आणि घरी गेलीस. आपटला असतास तर बरं झालं असतं. नवव्या दिवशी तू सुरतेच्या नोकरीचा कागद दाखवलास. स्टेशनवर मी आले. बाबा आले नाहीत. ते शेडमध्ये एका चांगल्या चालणाऱ्या लूमचे नट सोडून पुन्हा आवळत बसले होते.

यानंतरचं तुला तुकड्या-तुकड्यानं कळलं असेल, तेही महेंद्रकडून. आपल्या चादरी घेणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्यानं काम थांबवलं. बाबांनी माणूस एकही काढला नाही. सव्वीस जणांना पाळ्या लावल्या, प्रत्येकानं अर्धा आठवडा काम करायचं, बाबांनीसुद्धा. बाजारात लोक म्हणायचे, “सोन्यासारखं खातं बंद केलं. डोकं फिरलं ह्याचं.” बाबा ऐकून घ्यायचे.

त्याच महिन्यात एका सकाळी मला म्हणाले, “चल, गेणबाकडं जाऊन येऊ.” गेणबा मामांची वस्ती आपल्यापासून मैलभर खाली, नदीकाठालाच. आधी मेंढरं घेऊन फिरायचे, आता शेती करतात, तरी साठ-सत्तर मेंढ्या राखून आहेत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या अकरा मेंढ्या गाभडल्या होत्या, पोटातली कोकरं गेली होती. ते रोग समजून डॉक्टरकडं खेपा घालत होते. बाबा अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, “गेणबा, रोग न्हाई. आमच्या रंगाचं पाणी पिऊन तुमच्या मेंढ्या गाभडल्या. मी मच्छिंद्र, कारखानावाला.” मामा एका कोकराच्या कानातल्या गोचिड्या काढत होते. बराच वेळ काढतच राहिले. मग म्हणाले, “ह्ये सांगाया कुणी धाडलं तुमाला?” “कुणी न्हाई.” “मंग कशापायी आला? मला तर कळलं बी नसतं.” बाबा म्हणाले, “म्हणूनच आलो.”

माझ्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, भागू. त्या दिवशी मला वाटलं, ह्या माणसाशी आपलं लग्न झालं हे बरं झालं.

बाबांनी भरपाई विचारली. मामांनी हात झटकला आणि आम्हाला गोठ्यामागं नेलं. तिथं लोकरीचा ढीग पडला होता, कमरेएवढा. “कुणी इचारत न्हाई हिला. दर साल कातरायची आन् जाळायची. ह्यी न्या, आन् काय तरी करा हिचं. हिला रंगवाया बी लागत न्हाई. काळी हाय ती काळी, पांढरी हाय ती पांढरी.” येताना बाबांच्या डोक्यावर लोकरीचं एक गाठोडं होतं आणि माझ्या डोक्यावर एक.

पण सुताच्या लूमवर लोकर चालते का? मामांच्या बायकोनं, कुशाबाईनं, सूत कातून दिलं. ते कुठं जाड, कुठं बारीक. धोट्यात अडकायचं, तुटायचं, दहा मिनिटांत लूम बंद. बाबांनी तीन महिने दुसरं काही केलं नाही. उभा ताणा सुताचाच ठेवला, आडवा धागा लोकरीचा घातला. धोट्याचं भोक मोठं केलं, लूमचा वेग निम्म्यावर आणला. तरी तुटायचंच. शेवटी कुशाबाई एक दिवस कंटाळून म्हणाली, “अवो, लोकरीला आधी चिंचोक्याची खळ पाजा की. घोंगडीला आमी तेच करतो.” सगळ्या तालुक्याच्या लूमची नाडी ओळखणारे तुझे बाबा तिच्याकडं बघतच राहिले. मग चिंचोके भाजून, फोलं काढून, दळून, शिजवून खळ केली. साऱ्या शेडला तो वास लागला. दिवाळीच्या सुमाराला पहिली रग निघाली. करडी, दोन्ही कडांना काळा पट्टा. एक थेंब रंग नाही. बाबांनी ती पांघरली नाही की मिरवली नाही. घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “भागूच्या कपाटात ठेव.” तिथंच आहे ती.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. जानेवारीपर्यंत आपल्याकडं एकशे चाळीस रगा तयार झाल्या होत्या. पुण्यात एक मोठं प्रदर्शन होतं, तिथं गाळा मिळाला होता. सगळ्यांची आशा त्या गाळ्यावर होती. २६ जानेवारीला झेंडावंदन करून लोक पेढे खात होते, तेवढ्यात टीव्हीवर कच्छच्या भूकंपाचं आलं. मग कळलं, सुरतेतही इमारती पडल्या. तुझा फोन लागेना. दोन दिवस लागेना. तिसऱ्या दिवशी बाबांनी भैरू ट्रकवाल्याला बोलावलं आणि सगळ्या रगा चढवायला सांगितल्या. महेंद्र म्हणाला, “बाबा, प्रदर्शन?” हे म्हणाले, “प्रदर्शन फुडल्या साली बी येईल. थंडी आत्ता हाय.” आणि स्वतः भैरूच्या शेजारी चढून बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला, की मी बरी आहे, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशी दुपारी तुझे बाबा तुझ्या मिलच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते. हे मला भैरूनं सांगितलं. पाळी सुटली, बायका बाहेर आल्या. तू डोक्याला रुमाल बांधला होतास, हातात डबा होता, मैत्रिणीशी बोलत चालली होतीस. भैरू म्हणाला, “हाक मारू का?” बाबा म्हणाले, “नको. नीट चालतीय नव्हं? बास.” ट्रक निघाला. भैरू सांगतो, ट्रक वीसेक मैल गेला. मग बाबा एवढंच म्हणाले, “बारीक झालीय.”

त्या रगा कच्छमधल्या तंबूंतून वाटल्या गेल्या. वाटणाऱ्यांत एका संस्थेच्या बाई होत्या. त्यांनी त्या थंडीत आपली रग स्वतः पांघरून पाहिली असावी, कारण पावसाळ्यात त्या पत्ता शोधत दौंडला आल्या आणि त्यांच्या वसतिगृहांसाठी रगांचं काम देऊन गेल्या. तिथून पुढं आपण मागं बघितलं नाही. आज बावीस लूम आहेत. एक्केचाळीस माणसं आत, आणि वस्त्या-वस्त्यांवर साठ बायका घरी बसून सूत काततात. पलीकडच्या नगर जिल्ह्यातल्यासुद्धा. गेणबा मामांसारखे बारा मेंढपाळ लोकर देतात. लोकर कुणी जाळत नाही आता. धुतलेल्या लोकरीचं पाणीसुद्धा सरळ नदीत जात नाही. चार टाक्यांतून फिरून, निवळून, झाडांना जातं. त्या टाक्या तुझ्याच नकाशावरून बांधल्यात. बाबांनी तो नकाशा गवंड्याला दिला आणि बजावलं, “एक इंच इकडं-तिकडं करू नको. शिकलेल्या माणसानं काढलाय.” सिमेंट ओलं असताना त्यांनी स्वतः खिळ्यानं भिंतीवर लिहिलं: ‘भाग्यश्री मच्छिंद्र ओव्हाळ, बी.एस्सी.’ बी.एस्सी.त एक टिंब जास्त पडलंय.

२६ तारखेला बाबा कारखान्याचा कारभार सोडणार आहेत. कागद झालेत. निम्मा महेंद्रचा, निम्मा तुझा. मी म्हटलं, “ती आली नाही तर?” म्हणाले, “येऊ दे, न येऊ दे. हाय ते तिचं हाय.” आणि गेल्या रविवारी महेंद्रनं तुला बोलावणं करायला फोन लावला. तुला ठाऊक नव्हतं, त्यानं मोबाईल स्पीकरवर टाकला होता. तू म्हणालीस, “ज्यांनी मला न विचारता, सगळ्यांसमोर माझ्या खात्याला कुलूप लावलं, त्यांच्या कौतुकाला मी येणार नाही.” बाबा तिथंच धोट्याला तेल लावत होते. त्यांनी सगळं ऐकलं. “बरोबर हाय तिचं,” म्हणाले, आणि पुन्हा तेल लावायला लागले. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. का, ते आता सांगते.

ते कुलूप बाबांचं नव्हतं, भागू. माझं होतं. माझ्या ट्रंकेचं. त्या दिवशी उजाडताच मी नदीवर गेले होते. डोहाच्या कडेला लाल फेस होता, दोन मासे उलटे पडले होते. खाली एक बाई घागर भरत होती. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं, ती कुशाबाई. मी ओरडले, “बाई, ते पाणी भरू नका!” तिनं मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “का वं? आमी न्हाई का भरायचं?” एवढंच. पण तो प्रश्न मला माझ्या माहेरी घेऊन गेला. माझी आई, तुझी आजी, तिच्या गावात नदीच्या खालच्या अंगाला पाणी भरायची. वरती सगळ्या गावानं धुणं धुऊन, गुरं धुऊन झालेलं पाणी तिच्या घागरीत यायचं, आणि तिनं वर जायचं नाही असा नियम होता. हाच प्रश्न तिनं कधीतरी कुणाला तरी विचारला असेल, आणि उत्तर मिळालं नसेल. त्या पाण्यासाठी आपली माणसं लढली. आपण वरच्या अंगाला आलो, पाटी लावली, मला केवढा अभिमान होता! आणि वरच्या अंगाला येऊन आपण काय केलं? तेच. मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, आजच्या आज रंगखातं बंद. बाबा तुझ्या बाजूनं बोलले, भागू. “दोन महिने थांबू, पोरीचं मन मोडंल,” म्हणाले. दोनदा म्हणाले. मी म्हटलं, मग मी कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. मी ट्रंकेचं कुलूप काढलं आणि मीच तुला सांगायला निघाले. तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, “तू नको. पोरीला भांडायला बाप पुरंल. रडायला तिला आई लागंल.” आणि दारात जाऊन उभे राहिले.

खातं बंद करायला लावलं याची मला खंत नाही. आज तसंच झालं तर आजही लावीन. पण तुला न सांगता सहा वर्षं गप्प बसले, तू माझ्याशी बोलत होतीस आणि त्यांच्याशी नाही, आणि ते मला गोड लागत होतं, ही माझी चूक. त्यांनी मला एकदाही टोकलं नाही. त्यांचा राग आता त्यांच्याकडून काढून घे. तो माझा आहे. मला शिव्या दे, मला सहा महिने फोन करू नकोस, मी काही म्हणणार नाही. २६ तारखेला यायचं की नाही, तेही तूच ठरव. मी एवढंच मागते: घरच्या फोनवर संध्याकाळी सातनंतर एक फोन कर. त्या वेळी मी मुद्दाम शेजारी पुतळाबाईकडं जाऊन बसेन. फोन तेच उचलतील. तुझा आवाज ऐकला, की सहा वर्षांच्या सवयीनं घाईघाईनं म्हणतील, “थांब, आईला देतो.” त्यांना तसं म्हणू देऊ नकोस.

तुझीच,
आई